बागुलबुवाचा सुळका

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आग्नेय भागात पर्सेल नावाची पर्वतरांग आहे. तेथे हिमनद्यांच्या मधून ग्रॅनाइट जातीच्या खडकाचे उंच सुळके वर आले आहेत. हा सगळा प्रदेश आज 'बगाबू' उद्यान म्हणून राखलेला आहे. बगाबू म्हणजे चक्क बागुलबुवा! त्यातला सर्वांत प्रसिद्ध सुळका बगाबू स्पायर, उंची ३२०४ मीटर.

असा सुळका तयार कसा होतो आणि माणूस त्यावर चढतो कसा? दोन्ही प्रश्नांची उत्तरे खडकातल्या भेगांत सापडतात.

क्रिटेशस काळात, म्हणजे पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते तेव्हा, येथे जमिनीखाली खोलवर शिलारस घुसला आणि तेथेच थिजला. वरच्या खडकाचे पांघरूण असल्यामुळे तो फार सावकाश थंड झाला. सावकाश थंड होणाऱ्या शिलारसात स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो, म्हणून हा खडक भरड, खरखरीत आहे. (आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पृष्ठभागावर लवकर थंड झाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.) पुढे वरचे थर झिजून गेले. थंड होताना आकुंचन पावल्यामुळे आणि नंतर वरचा भार कमी झाल्यामुळे खडकाला लांबच लांब, बऱ्याचशा उभ्या भेगा पडल्या. भूशास्त्रात त्यांना संधी म्हणतात.

हिमयुगात हिमनद्यांनी या भेगांचा फायदा घेतला. भेगेत शिरलेले पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते आणि पाचर ठोकल्यासारखा खडक फाकतो. सुटलेले तुकडे हिमनदी ओढून नेते. भूगोलाच्या पुस्तकातले हिमगव्हर, शुककूट आणि गिरिशृंग आपल्याला आठवत असतीलच. डोंगर सर्व बाजूंनी कोरला गेला, भेगांच्या बाजूने खडकाचे पापुद्रे निघाले आणि मधला घट्ट भाग सुळका होऊन उरला.

आता चढणाऱ्याकडे वळू. उभ्या कातळावर हातांना धरायला काहीच नसेल, तर गिर्यारोहक पंजा सरळ भेगेत घालतो आणि अंगठा आत दुमडतो. पंजा जाड होऊन दोन्ही भिंतींवर दाबला जातो. जितका दाब जास्त तितके घर्षण जास्त, आणि त्या घर्षणावर शरीराचा भार तोलला जातो. खडक खरखरीत असल्याने पकड चांगली मिळते. कातडी मात्र सोलून निघते!

या सुळक्यावर पहिली चढाई झाली १९१६ च्या ऑगस्टमध्ये. कॉनराड काइन हा ऑस्ट्रियात जन्मलेला वाटाड्या पुढे होता. सोबत अल्बर्ट आणि एलिझाबेथ मॅकार्थी हे दांपत्य आणि जॉन व्हिन्सेंट. दक्षिणेकडच्या धारेवर त्यांची वाट एका उभ्या बुरुजाने अडवली. अशा बुरुजाला गिर्यारोहक 'जाँदार्म' म्हणतात. हा फ्रेंच शब्द, अर्थ पोलीस शिपाई. आडवा आलेला शिपाईच तो! काइनने गुळगुळीत कातळावर इकडून तिकडून चाचपणी केली, मागे फिरला, पुन्हा पुढे गेला. शेवटी कातळावरून आडवे सरकत त्याने पलीकडची भेग गाठली आणि वाट सुटली. तेव्हा हाताशी अंबाडीसारख्या धाग्यांचा दोर होता, आजची साधने नव्हती. दोर तुटण्याचा धोका इतका, की पुढच्या माणसाने पडायचेच नाही, हाच नियम होता. आजच्या श्रेणीत ही वाट ५.६ अशी, म्हणजे सोप्यातच मोडते. पण हा आकडा फक्त हालचालीची अवघडता सांगतो. पायाखालची पोकळी, दुपारनंतर चालून येणारी विजेची वादळे आणि त्याच वाटेने उतरायचे आहे ही जाणीव आकड्यात येत नाही.

भेगांचे काम अजून संपलेले नाही. शेजारच्या स्नोपॅच स्पायरच्या पूर्वेकडच्या भिंतीचा मोठा तुकडा डिसेंबर २०२२ मध्ये कोसळला आणि त्यावरच्या चढाईच्या काही वाटाही त्याच्याबरोबर गेल्या. ऐन हिवाळा असल्यामुळे खाली कोणी नव्हते. उन्हाळ्याची गोष्ट निराळी. या दोन सुळक्यांमधल्या खिंडीतून काइनच्या धारेकडे जातात. तिथल्या उतारावरचे हिम आणि बर्फ दगडांना जागच्या जागी धरून ठेवत असे. अलीकडे ते लवकर वितळते आणि सुटे दगड घरंगळत येतात. म्हणून आता त्या धारेकडे जाणाऱ्यांना सुळक्याआधी त्या उताराचीच धास्ती असते.