बत्तीस परवान्यांचा जिल्हा

परभणीच्या कोर्टात वकिली करताना शस्त्र परवान्याचं काम माझ्याकडे क्वचित येतं. आलंच तर जिंतूरकडचा एखादा शेतकरी असतो. रानडुकरांनी आणि रोह्यांनी हरभरा तुडवलेला असतो, त्याला ठासणीची बंदूक हवी असते. पीकरक्षणासाठी १९५९च्या शस्त्र कायद्यात तशी तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस ठाण्याचा अहवाल, नकार आला तर अपील, असा तो रस्ता. २०१९च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

अलीकडे मात्र तरुण पोरं वेगळंच विचारतात. “मॅडम, अमेरिकेसारखा बंदुकीचा हक्क आपल्याला असता, तर पोलिसांची हात लावायची हिंमत झाली असती का?” २०२४च्या डिसेंबरात झालेल्या कोठडीतल्या मृत्यूनंतर परभणीत हा प्रश्न रागातून येतो. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती झाली. लोकांच्या हाती शस्त्र असलं की सरकार दबून राहतं, असं तिचे समर्थक मानतात. आपल्याकडेही ही मागणी नवी नाही. इंग्रजांनी १८७८ साली देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, त्याच वर्षी शस्त्र कायदा आणून हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. तो अपमान काँग्रेस विसरली नाही. १९३१च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. त्याच आधारावर ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देतो, तो शांततेने आणि विनाशस्त्र.

त्या वेळी मराठवाड्यात काय चाललं होतं, हे पोरांना सांगावं लागतं. निजामाच्या राज्यात बंदुका असलेले नागरिक होतेच. ते कासिम रझवीचे रझाकार. ते सरकारी फौजेचे नव्हते. सरकारच्या आशीर्वादाने गावं लुटणारी, जाळणारी ती नागरिकांची टोळी होती. त्यांच्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प निघाले. ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक लुटून त्यांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. त्या माणसांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण निजाम शरण आला तो १७ सप्टेंबरला, भारतीय फौज आत शिरल्यावर. आणि त्यानंतर हत्यारांची बाजू पालटली, तेव्हा सूड म्हणून हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातला हा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. समिती त्या डिसेंबरात आपल्या भागात फिरत होती आणि दिल्लीत कामतांच्या दुरुस्तीवर चर्चा होत होती. आमच्याकडे सप्टेंबरात झेंडावंदन होतं, भाषणं होतात. हा दुसरा भाग मात्र कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता शेजारी बघा. आमच्या गंगाखेडपासून बीड जिल्ह्यातली परळी जवळच. त्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४मध्ये खून झाल्यावर शस्त्र परवान्यांचे आकडे चव्हाट्यावर आले: बीड जिल्ह्यात १,२२२ आणि परभणीत ३२. बंदुकांनी सत्तेला वेसण बसत असती, तर बीडचा सामान्य माणूस आमच्यापेक्षा जवळपास चाळीस पट निर्धास्त असायला हवा होता. प्रत्यक्षात हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले. वजनदार माणसाला परवाना मिळतो. ज्याला पोलिसांची भीती वाटते, तो परवान्यासाठी त्याच पोलिसांच्या अहवालावर अवलंबून असतो.

त्याच महिन्यात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद पाळला गेला, हिंसाचार झाला, धरपकड झाली. अटक झालेला, कायद्याचं शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या घरात बंदूक असती तर? धरपकडीच्या रात्री ती बाहेर निघाली असती, तर पोलिसांना गोळीबाराचं कारण मिळालं असतं आणि मारला गेलेला माणूस कागदोपत्री हल्लेखोर ठरला असता. शवविच्छेदन, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी, हे काहीच त्याच्या बाजूने उभं राहिलं नसतं.

ते उभं राहिलं, कारण आई लढली. तिच्या याचिकेवर ॲड. प्रकाश आंबेडकरांनी युक्तिवाद केला. ४ जुलै २०२५ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचं आव्हान फेटाळलं. नुसता गुन्हा नोंदवण्याच्या आदेशासाठी एका आईला जवळपास सात महिने लागले. या दिरंगाईचा मला संताप आहे आणि पोरांच्या रागाचं मूळही तिथेच आहे.

म्हणून बंदुकीचं विचारणाऱ्यांना मी दुसरं काम देते. अटकेचा पंचनामा मागा, नातेवाइकांना कळवलं का ते तपासा. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करताना आरोपीला मारहाणीबद्दल बोलतं करा आणि ते नोंदवून घ्यायला लावा. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण उशीर झाला की ते पुसलं गेल्याचं उत्तर येतं.