शब्दाला हसा, माणसाला नको

असरची नमाज झाली की रोजेदाराच्या घरचं घड्याळ सावकाश चालू लागतं. भज्यांचा वास सुटलेला, मगरिबची अजान मात्र अजून दूर. पहिलावहिला रोजा धरलेली मुलं कासावीस होतात. अशा वेळी दादी-नानी दोसुखने काढतात. प्रश्न दोन, उत्तर एकच! अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्या नावावर असे कितीतरी दोसुखने नि पहेल्या पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात.

मराठीतही ते छान जमतात. कविता का अडली? खुर्चीत टेकता का येईना? ‘पाठ नव्हती!’

रोजा नुसता पोटाचा नसतो, जिभेचाही असतो. खोटं, चहाडी, टोमणा वर्ज्य. दुपारीच रोजा सोडलेल्या धाकट्याला चिडवायला भावंडं टपलेली असतात. दादी झटकन नवा सवाल टाकते आणि उत्तर त्या धाकट्यालाच विचारते. हसू शब्दावर फुटतं, कुणाच्या मनावर ओरखडा उमटत नाही. मग दस्तरख्वानावर पहिला खजूरही बहुधा त्याच्याच हाती येतो.

आता तुमची पाळी. मटकीची उसळ का राहिली? शंभराची नोट घेऊन रिक्षावाला का घुटमळला?