मंदीतली संधी कोणाची?

मंदीचे सावट आले की ‘संकटातच संधी दडलेली असते’ हे वाक्य जिकडेतिकडे ऐकू येऊ लागते. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे किंवा ज्याच्या घराचा हप्ता थकला आहे, त्याला मात्र ते जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. मग हे वाक्य खोटे आहे का? खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल तर २००८च्या जागतिक मंदीकडे पुन्हा एकदा पाहायला हवे.

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या दीडशेहून अधिक वर्षांच्या वित्तसंस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जगभरातील बाजार कोसळले. आपल्याकडे पडझड त्याआधीच सुरू झाली होती. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांचा टप्पा ओलांडलेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ रोजी ८,१६० अंशांवर बंद झाला. म्हणजे शंभर रुपयांचे जेमतेम चाळीस उरले. येथे एक साधे गणित ध्यानात घ्यावे. शंभराचे चाळीस होण्यासाठी साठ टक्क्यांची घसरण पुरते. पण चाळीसाचे पुन्हा शंभर व्हायला दीडशे टक्क्यांची वाढ लागते. तोटा भरून निघण्यास वेळ लागतो तो याचमुळे.

तरीही तो भरून निघाला. लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतर, १८ मे २००९ या एकाच दिवशी सेन्सेक्स दोन हजारांहून अधिक अंशांनी उसळला. व्यवहार इतके थोडा वेळ चालले, की बाहेर पडलेल्यांना परत शिरायला सवडच मिळाली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत निर्देशांक पुन्हा २१ हजारांवर पोचला.

या काळात दोन प्रकारची माणसे दिसली. काहींनी मार्च २००९ मध्ये तोटा सोसून विक्री केली, तर काहींनी कळ काढली. पहिले भित्रे आणि दुसरे धीराचे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अन्यायाचा ठरेल. विकणाऱ्यांपैकी कित्येकांना मुलाची फी भरायची होती, कोणाला रुग्णालयाचे बिल चुकवायचे होते. ज्याच्या बँकेत सहा महिन्यांचा घरखर्च पडून असतो, त्याला धीर धरणे परवडते. ज्याच्याकडे तो नसतो, त्याने कितीही सकारात्मक विचार केला तरी महिनाअखेर येणारा हप्ता थांबत नाही. धैर्याला गंगाजळीचे पाठबळ लागते, हेच त्या वाक्याचे उरलेले अर्धे होय.

अर्थात, वाट पाहणे हाही रामबाण उपाय नव्हे. निर्देशांक सावरला, तरी त्या तेजीत गगनाला भिडलेल्या बांधकाम आणि पायाभूत सुविधा क्षेत्रांतील अनेक कंपन्यांचे समभाग पुन्हा त्या भावाला पोचले नाहीत. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९च्या डिसेंबरमध्ये ज्या शिखरावर होता, ते ओलांडायला त्याला २०२४ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘स्वस्त झाले म्हणून घ्या’ हा सल्ला आंधळेपणाने पाळू नये. उसन्या पैशाने तर मुळीच नाही.

सामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या संधी बहुधा अशा झगमगीत नसतात. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते, तो रेपो दर ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात नऊ टक्क्यांवरून पावणेपाच टक्क्यांवर आला. नव्या कर्जदारांसाठी स्वस्त गृहकर्जांच्या योजना निघाल्या. अनेक जुन्या कर्जदारांचे व्याज मात्र आपोआप तितके उतरले नाही. ज्यांनी बँकेत जाऊन विचारणा केली, अर्ज दिले, पाठपुरावा केला, त्यांना काही ना काही दिलासा मिळण्याची शक्यता होती. मंदीतली खरी संधी पुष्कळदा अशी एका अर्जाएवढी लहान असते.

नोकरीचेही तसेच. लेहमनचे पवईत मोठे कार्यालय होते. मूळ कंपनी बुडाल्यावर महिन्याभरातच जपानच्या नोमुरा या वित्तसंस्थेने ते विकत घ्यायचे ठरवले. दारावरची पाटी बदलली, तरी हिशेब आणि संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या हातांची गरज संपली नव्हती. कंपनी बुडते तेव्हा तिच्याबरोबर कौशल्य बुडत नाही. मात्र ते दुसऱ्या ठिकाणी चालेल असे असावे लागते, आणि ती तयारी तेजीच्या दिवसांतच करावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

मग संकट दारात आल्यावर करायचे काय? आधी कागद-पेन्सिल घेऊन घरखर्च, हप्ते आणि शिल्लक मांडावी. हातातली रक्कम किती महिने पुरेल हे ठरवावे. क्रेडिट कार्डाची थकबाकी सर्वांत महाग, म्हणून ती प्रथम फेडावी. आरोग्यविम्याचा हप्ता चुकवू नये. हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच, थकण्यापूर्वीच बँकेशी बोलावे. जुने सहकारी आणि परिचित यांना आपण काम शोधत आहोत हे निःसंकोच कळवावे. आणि मुख्य म्हणजे घरच्यांपासून काही लपवू नये. नोकरी गेल्याचे न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस पैशापेक्षाही एकटेपणाने अधिक खचतो.

सकारात्मकता म्हणजे सारे ठीक होईल असे घोकत बसणे नव्हे. परिस्थितीचे आकडे न घाबरता पाहणे आणि त्यातले आपल्या हाती असेल ते आजच करणे, एवढाच तिचा अर्थ. मंदी येते तशी जाते. ती जाईपर्यंत आपण उभे राहिलो, तर पुढची संधी आपलीही असू शकते.