अण्णाचा रुमाल

पहाटे 5:30
चहा ठेवला आणि कालची पानं वाचली. माझ्या कादंबरीतला सावकार अण्णा चौथ्या प्रकरणातही खोटाच वाटतोय. मिशांना पीळ देतो, डोळे वटारतो, गडगडाटी हसतो. अशा माणसाच्या ओसरीवर अडलेलं कूळ तरी चढेल का? तीन पानं फाडली.

7:00
आधी त्याचा धंदा नीट मांडायला हवा. महिन्याला शेकडा पाच. वर्षाचे साठ होतात, पण अण्णा वर्षाचा हिशेब कधी बोलून दाखवत नाही. 2014च्या सावकारी कायद्यानुसार बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, म्हणून तो कर्जाचा कागदच करत नाही. सरळ जमिनीचं खरेदीखत करून घेतो आणि तोंडी शब्द देतो, "पैसे फेडलेस की रान तुझं तुला."

इथेच मला अण्णा सापडला. त्याचा सगळा व्यवहार त्या तोंडी शब्दावर उभा आहे, म्हणजे गावानं त्याच्यावर विश्वास टाकलाच पाहिजे. मवाळपणा हे त्याचं भांडवल. शिवाय तो ढोंग करत नाही. बँकेनं परत पाठवलेल्याला आपण रात्री अकराला नोटा मोजून दिल्या, याचा त्याला खरा अभिमान आहे.

8:30
डबे, पाणी, कपडे.

11:00
तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसले. दस्त, साक्षीदार, झेरॉक्स यांची धावपळ. मी फक्त हात बघत होते. एका म्हाताऱ्यानं दस्तावर अंगठा उठवला. शेजारच्या पांढऱ्या शर्टातल्या माणसानं खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला, म्हाताऱ्याचा अंगठा हातात घेतला आणि नखाच्या कडेची शाईसुद्धा हळूच टिपली. मग डागाची बाजू आत घालून घडी केली आणि रुमाल खिशात ठेवला.

तो त्याचा मुलगाही असेल. मला मात्र लकब मिळाली.

3:00
खरेदीखताचा प्रसंग पुन्हा लिहिला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'सामना' चित्रपटातले निळू फुल्यांचे हिंदुराव डोळ्यांसमोर होते. दारुड्या मास्तरला ते स्वतःहून घरी आणतात, पाहुणचार करतात. तो जिव्हाळा खरा वाटतो, म्हणूनच पुढे त्या माणसाची भीती वाटते. अण्णाच्या तोंडची धमकीची चारही वाक्यं खोडली. आता तो म्हाताऱ्याच्या नातीची परीक्षा कधी आहे ते विचारतो आणि अंगठा पुसतो. रुमालाचा उल्लेख एकदाच ठेवला. दर पानावर काढला तर तो नाटकातला रुमाल होईल.

रात्री 9:30
आईला फोनवर पान वाचून दाखवलं. तिच्या माहेरची जमीन अशाच कागदावर गेली, हे मी लिहिताना विसरले नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माणूस मायाळू दिसतोय गं. म्हाताऱ्याचं रान सोडवून देईल ना?"

पाचवं प्रकरण मी अजून तिला वाचून दाखवलेलं नाही.