हौशी व्यायाम आणि प्रोटीन पावडर

हौशी व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाला प्रोटीन पावडरची सहसा गरज नसते. बीड जिल्ह्यात पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या ६० किलो वजनाच्या तरुणाला रोज साधारण ७० ते ७५ ग्रॅम प्रथिने पुरतात. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून सुमारे २०, ६० ग्रॅम तूरडाळीतून १३, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, अर्धा लिटर दुधातून १६ आणि दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात. भाकरीसोबत वरण खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जाही सुधारतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेतही अशा पावडरी टाळण्याचा सल्ला आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.