अमेरिकेची राजभाषा : आदेश आहे, कायदा नाही
अमेरिकेच्या राज्यघटनेत राजभाषेचा उल्लेखच नाही. इंग्रजीला तो दर्जा देणारी घटनादुरुस्ती १९८१ मध्ये सिनेटर एस. आय. हायाकावा यांनी मांडली. ते स्वतः जपानी स्थलांतरितांचे पुत्र! ती मंजूर झाली नाही. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजी राजभाषा ठरवली. हा संसदेचा कायदा नसल्याने पुढचा अध्यक्ष तो मागे घेऊ शकतो. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांनी २००० मध्ये काढलेला आदेशही त्याबरोबर रद्द झाला. खात्यांना इतर भाषांत सेवा देण्याची मुभा आहे, पण त्या आदेशाचे बंधन उरले नाही. कचेरीत भाषेमुळे अडलेल्या माणसाला झळ बसते ती इथे. राज्यांच्या पातळीवर मात्र वेगळे चित्रही दिसते: हवाई राज्यात १९७८ पासून इंग्रजीच्या बरोबरीने हवाईयनही राजभाषा आहे.