'आमचा दिगू टिपणीस झालाय' असं का म्हणतात? सोलापुरात शिकलेल्या डॉक्टर दिग्दर्शकाची गोष्ट

राज्यात आमदार फुटले, सरकार डळमळलं की 'आमचा दिगू टिपणीस झालाय' अशा पोस्ट फिरायला लागतात. हा दिगू म्हणजे 'सिंहासन' (१९७९) सिनेमातला पत्रकार. निळू फुलेंनी साकारलेला. सत्तेचे खेळ जवळून बघता बघता शेवटी त्याचंच डोकं फिरतं.

हा सिनेमा डॉ. जब्बार पटेल यांचा. नावापुढचं 'डॉक्टर' मानद नाही बरं का, ते बालरोगतज्ज्ञ आहेत.

सोलापूर, पुणे, दौंड

पटेलांचा जन्म १९४२ साली पंढरपूरचा. शाळा सोलापूरची, हरिभाई देवकरण प्रशाला. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. दौंडला दवाखाना थाटला, पण नाटक सुटलं नाही.

१९७२ मध्ये त्यांनी विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' बसवलं. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग याच मंडळींनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपातही गाजलं.

साखर कारखान्याची गोष्ट बर्लिनला

पहिला सिनेमा 'सामना'. निर्माते रामदास फुटाणे, लेखक पुन्हा तेंडुलकर. गावावर आणि सहकारावर पकड असलेला हिंदुराव म्हणजे निळू फुले. त्याला प्रश्न विचारणारा दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. प्रश्न एकच, गावातला मारुती कांबळे गेला कुठे? सोलापूरसारख्या कारखान्यांच्या जिल्ह्यात हिंदुराव कोणाला ओळखायला सांगावा लागत नाही. हा अस्सल गावरान सिनेमा १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात पोहोचला.

सगळ्या सिनेमांत एकच प्रश्न

पटेलांच्या सिनेमांची यादी छोटी आहे, पण ओळीने बघितली तर एक धागा सापडतो: सत्ता कोणाच्या हातात आहे आणि तिच्यासमोर एकटा माणूस काय करू शकतो?

'सामना'मध्ये ही सत्ता गावात आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेल्या 'सिंहासन'मध्ये ती मंत्रालयात आहे. 'उंबरठा'मध्ये (१९८२) ती घरात आणि महिलाश्रमाच्या कारभारात आहे. स्मिता पाटीलची सुलभा दोन्हीकडे आपल्या मताने जगू पाहते आणि त्याची किंमत मोजते. 'मुक्ता'मध्ये (१९९४) सत्ता जातीची आहे. मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणाऱ्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या इंग्रजी चित्रपटात मात्र तो एकटा माणूस अख्खी व्यवस्थाच हलवतो.

महत्त्वाचं म्हणजे, यात सोपा विजय फारसा नसतो. खलनायक मेला, सगळं ठीक झालं, असं पटेल सांगत नाहीत. दिगू हरतो. सुलभा घर सोडते. म्हणूनच दिगूचं नाव आजही आपल्या पोस्टमध्ये येतं. १९७९ नंतर सरकारं किती बदलली, पण सगळं दिसत असूनही काही करता येत नाही ही दिगूची अवस्था बदललेली नाही.

सुरुवात कुठून करायची? आधी 'सामना', मग 'सिंहासन', मग 'उंबरठा'. आणि पुढच्या वेळी कोणी 'दिगू टिपणीस' लिहिलं, तर त्याला विचारा, सिनेमा बघितलाय का?